इटास्का स्टेट पार्क: बाराही महिने फिरायचं कसं

मिनेसोटात नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच उन्हाळ्यात कुणीतरी सांगतंच, “इटास्काला जाऊन या, मिसिसिपीचा उगम आहे तिथे.” मग एखाद्या शनिवारी पहाटे मिनियापोलिसहून निघायचं, साडेतीन-चार तास गाडी हाकायची, उगमाच्या दगडांवर उभं राहून फोटो काढायचे, डबा खायचा आणि परतीच्या रस्त्याला लागायचं. जाऊन-येऊन जवळजवळ साडेचारशे मैल आणि पार्कात जेमतेम दोन तास! इटास्का बघायची ही सगळ्यात वाईट पद्धत. बत्तीस हजार एकरांहून मोठं जंगल आहे हे, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापेक्षाही मोठं. आत शंभराहून अधिक तळी आहेत. पार्क वर्षभर उघडं असतं आणि दर मोसमात तिथे करायच्या गोष्टी पूर्ण बदलतात. म्हणून दोन रात्री मुक्काम धरा आणि महिना पाहून बेत आखा. आधी बेत आणि मग महिना असं केलं की घोटाळा होतो.

थोडा इतिहास माहीत असला तर फिरताना जास्त मजा येते. हा प्रदेश ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचा. 1832 साली ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याने हेन्री स्कूलक्राफ्ट या संशोधकाला इटास्का तळ्यापाशी, म्हणजे मिसिसिपीच्या उगमापाशी आणलं. पुढे लाकूडतोड फोफावली तेव्हा जेकब ब्राउअर यांनी इथली मोजणी केली, पाइनचं रान वाचावं म्हणून आटापिटा केला आणि 1891 साली विधिमंडळात एका मताच्या फरकाने हे पार्क मंजूर झालं. मिनेसोटातलं हे सगळ्यात जुनं स्टेट पार्क. 1903 मध्ये मेरी गिब्ज नावाची चोवीस वर्षांची तरुणी पार्कची आयुक्त होती. लाकूड कंपनीच्या धरणामुळे तळ्याचं पाणी चढून काठची झाडं मरत होती, म्हणून बंदुकीच्या धाकालाही न जुमानता तिने ते धरण उघडायला लावलं. उगमाजवळच्या माहिती केंद्राला तिचंच नाव आहे.

निघण्याआधी

पहिली गोष्ट नकाशाची. मिनेसोटात इटास्का नावाची एक काउंटीही आहे आणि हे पार्क त्या काउंटीत नाही. फोनवर नुसतं ‘इटास्का’ टाकलंत तर भलतीकडेच पोहोचाल. तशीच गल्लत पार्क रॅपिड्स आणि ग्रँड रॅपिड्सची होते. तुम्हाला हवं ते पार्क रॅपिड्स. तिथून हायवे 71 ने उत्तरेला वीसेक मैलांवर पार्क लागतं. ‘इटास्का स्टेट पार्क, जेकब ब्राउअर व्हिजिटर सेंटर’ असा पूर्ण पत्ता टाका. पार्काचा नकाशा घरूनच फोनवर उतरवून ठेवा, कारण आत सगळीकडे सिग्नल मिळत नाही.

दुसरी गोष्ट परवान्याची. माणशी तिकीट नसतं, गाडीला परवाना लागतो. तो एका दिवसाचा किंवा वर्षाचा मिळतो. वार्षिक परवाना राज्यातल्या सगळ्या स्टेट पार्कांना चालतो, त्यामुळे वर्षात पाच-सहा फेऱ्या होणार असतील तर तोच घ्या. काही सार्वजनिक वाचनालयांत सात दिवसांचा परवाना पुस्तकासारखा नेता येतो, तेही विचारून बघा. शिवाय वर्षातले चार दिवस सगळ्यांना प्रवेश मोफत असतो. मुक्कामाला असलात तरी गाडीचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. नवखे हमखास इथेच गोंधळतात.

तिसरी गोष्ट जागेची. तंबूच्या जागा आणि खोल्यांचं आरक्षण 120 दिवस आधी उघडतं. जुलैचे शनिवार-रविवार आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा हवा असेल तर त्या दिवशी सकाळीच लॉगइन करून बसा. तंबूसाठी दोन मोठी मैदानं आहेत, बेअर पॉ आणि पाइन रिज. बेअर पॉ तळ्याकाठी आहे, तर पाइन रिजला झाडी दाट आणि जागा ऐसपैस. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना जमिनीवर झोपवू नका. 1905 सालचं डग्लस लॉज मे अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालू असतं आणि ‘इटास्का स्वीट्स’च्या बारा खोल्या वर्षभर उघड्या असतात. हिवाळ्याचा बेत असेल तर त्या बारा खोल्यांवरच नजर ठेवा.

किराणा पार्क रॅपिड्सला भरता येतो. कोथिंबीर, कढीपत्ता, इडलीचा रवा असलं काही हवं असेल तर मात्र मिनियापोलिसहूनच घेऊन निघा.

उन्हाळा: जून ते ऑगस्ट

जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो, म्हणजे दिवस हाताशी भरपूर. उगमाला सकाळी आठला किंवा संध्याकाळी सहानंतर जा. दुपारी अकरा ते चार तिथे जत्रा असते. वाहनतळापासून चालणं अगदी थोडं आहे आणि वाट सपाट आहे, व्हीलचेअरही नेता येते. लाकडी खांबावर लिहिलंय तसं हे ठिकाण समुद्रसपाटीपासून 1,475 फुटांवर आहे आणि नदी इथून 2,552 मैल वाहत मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाते. गंमत म्हणजे ती निघते उत्तरेकडे, बेमिजी गावाला वळसा घालते आणि मग दक्षिणेला वळते.

दगडांवरून नदी ओलांडायचा मोह सगळ्यांना होतो. ते दगड शेवाळलेले आणि गुळगुळीत आहेत, आणि पडणारे बहुतेक जण फोटोसाठी मागे वळताना पडतात. त्यापेक्षा दगडांच्या खालच्या अंगाला पाण्यातूनच चाला. तळाशी वाळू आहे आणि पाणी गुडघ्याच्या आसपास. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. चप्पल वाहून जाते, अनवाणी पायाला खडे टोचतात.

दुसऱ्या दिवशी सायकल. पार्कातच सायकली, कयाक आणि कनू भाड्याने मिळतात. उगम ते डग्लस लॉज अशी सहाएक मैलांची डांबरी सायकलवाट तळ्याच्या पूर्व बाजूने जाते. वाइल्डरनेस ड्राइव्ह हा दहा मैलांचा, बराचसा एकेरी रस्ता पश्चिमेच्या दाट जंगलातून जातो. दोन्ही मिळून सोळा मैलांचा फेरा होतो. नकाशावर सोळा मैल किरकोळ दिसतात, पण वाइल्डरनेस ड्राइव्हवर चढउतार सतत आहेत, वळणं आंधळी आहेत आणि गाड्याही त्याच रस्त्याने येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना फक्त सायकलवाट करवा. मोठ्यांनी फेरा मारायचा तर तीन तास धरा आणि माणशी दीड लिटर पाणी घ्या, वाटेत नळ नाही. आयटन हाइट्सचा शंभर फुटी लोखंडी टेहळणी मनोरा उघडा असेल तर चढून बघा. वर एका वेळी मोजकीच माणसं सोडतात.

पायी फिरायला पहिल्यांदा डॉ. रॉबर्ट्स ट्रेल घ्या. डग्लस लॉजपासून सुरू होणारा दोनेक मैलांचा फेरा आहे, काही भाग फळ्यांवरून दलदलीतून जातो. जून अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत ओलसर जागी ‘लेडीज स्लिपर’ हे गुलाबी-पांढरं ऑर्किड फुलतं. ते मिनेसोटाचं राज्यफूल आहे, तोडणं बेकायदा आहे. बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला या झाडाला दहा-पंधरा वर्षंही लागतात, तेव्हा फोटोसाठी फळ्यांवरून खाली उतरून चिखल तुडवू नका. जुने लाल पाइन बघायचे तर प्रीचर्स ग्रोव्हला थांबा. काही झाडं अडीचशे वर्षांपुढची आहेत.

तळ्यावर पोहायला जीवरक्षक नसतो. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने दुसरं काहीही न करता नुसतं लक्ष ठेवायचं. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर अंग टॉवेलने खसखसून पुसा. नुसतं उन्हात वाळू दिलं तर पाण्यातल्या सूक्ष्म परजीवींमुळे अंगावर खाजरे पुरळ उठतात. मासेमारीची हौस असेल तर मिनेसोटाच्या रहिवाशांना स्टेट पार्कात काठावरून मासे धरायला सहसा वेगळा परवाना लागत नाही. होडीतून धरायचे किंवा पाहुण्यांना धरू द्यायचे तर आधी ऑफिसात विचारा.

गोचीड

अस्वलाची भीती सगळ्यांना वाटते. खरा त्रास देतो तो गोचीड. इथे दोन प्रकार आहेत. मोठा, पाठीवर पांढरट नक्षीचा ‘वुड टिक’ किळसवाणा असला तरी लाइम रोग, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जंतुसंसर्ग, पसरवत नाही. तो पसरवतो छोटा ‘डिअर टिक’. त्याची पिल्लं खसखशीएवढी असतात आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सगळ्यात जास्त असतात. वाढलेले गोचीड वसंतात आणि पुन्हा शरदात दिसतात.

असं करा. निघायच्या आदल्या दिवशी पँट, मोजे आणि बुटांवर 0.5 टक्क्याचं परमेथ्रिन हे कपड्यांवरचं कीटकनाशक घराबाहेर फवारून पूर्ण वाळवा. ते अंगाला लावायचं नाही, आणि घरात मांजर असेल तर ओलं असेतो तिला जवळ येऊ देऊ नका. उघड्या त्वचेवर 20 ते 30 टक्के डीट असलेलं कीटक पळवणारं औषध लावा, डासांनाही तेच चालतं. पँट मोज्यात खोचा, रंग फिका ठेवा, वाटेच्या मधून चाला. गवताच्या पात्याच्या टोकावर पाय पसरून गोचीड वाट बघत असतो, म्हणून कडेचं गवत घासलं की तो चढलाच समजा. मुक्कामी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानामागे, मुलांच्या केसांत बोटं फिरवून बघा. कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्याने गोचीड मरत नाही.

चिकटलेला सापडला तर टोकदार चिमट्याने त्वचेला अगदी लागून पकडा आणि सरळ, सावकाश वर ओढा. तेल, पेटती काडी, नेलपॉलिश यातलं काही करू नका, त्याने तो अंगातली घाण आत ओकतो. लाइमचे जंतू अंगात जायला गोचीड बहुधा चोवीस तासांहून जास्त चिकटून असावा लागतो. म्हणूनच रोज रात्री तपासणी चुकवायची नाही. तारीख लिहून ठेवा. महिनाभरात ताप, सांधेदुखी किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा.

चूल, जेवण आणि अस्वल

काळी अस्वलं इथे आहेत आणि त्यांचं नाक विलक्षण तीक्ष्ण असतं. फोडणी घातलेली कढई रात्रभर टेबलावर ठेवली तर काय होईल ते सांगायला नको. खाणं, कचरा, टूथपेस्ट, साबण, कुत्र्याचं अन्न, सगळं गाडीत काचा लावून बंद ठेवा. तंबूत पार्ले-जीचा पुडाही नको. चालत जाऊन आतल्या जागेवर मुक्काम असेल तर खाण्याची पिशवी जमिनीपासून दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट लांब टांगा.

सरपण घरून नेऊ नका. ॲश झाडांना मारणारी कीड लाकडातून पसरते, म्हणून पार्कात मान्यताप्राप्त विक्रेत्याचंच लाकूड चालतं. पार्कात विकत मिळतं. जंगलातलं पडलेलं लाकूड गोळा करायलाही बंदी आहे. आग फक्त लोखंडी कड्यात करायची. विझवताना पाणी ओता, राख ढवळा, परत पाणी ओता, आणि तळहात राखेजवळ धरून ऊब लागत नाही ना ते बघा. पाऊस आला म्हणून शेगडी किंवा कोळशाचं ग्रिल तंबूत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणसं जातात.

दोन दिवसांसाठी दशम्या, धपाटे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, सुक्या भाज्या आणि एका वेळेला कुकरची खिचडी, एवढं पुरतं. भांडी तळ्यात धुवायची नाहीत. तेलकट पाणी ठरवून दिलेल्या जागीच ओता.

पानगळ: सप्टेंबर ते नोव्हेंबर

पहिल्यांदाच जात असाल आणि एकच मोसम निवडायचा असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा निवडा. डास संपलेले, मेपल लाल-केशरी, हवा कोरडी. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी, पर्यटक ओसरल्यावर, दलदलीतले टॅमरॅक सोनेरी होतात. टॅमरॅक सूचिपर्णी असूनही दर हिवाळ्यात पानं गाळतो. ते बघायला फार कमी लोक येतात, ही खेदाची गोष्ट आहे. पानांचा रंग पावसावर आणि रात्रीच्या थंडीवर ठरतो, म्हणून मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाचा दर आठवड्याचा रंग-नकाशा पाहून तारीख पक्की करा. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. झोपायची पिशवी उणे 7 सेल्सिअसपर्यंतची, म्हणजे 20 फॅरनहाइटची घ्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंदुकीने हरीण मारण्याचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत जंगलात जायचंच असेल तर अंगात आणि डोक्यावर भडक केशरी हवं. खरं तर नवख्यांनी ते दोन-तीन आठवडे सोडून द्यावेत.

हिवाळा: डिसेंबर ते मार्च

हिवाळ्यात इटास्काला कशाला जायचं, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की गर्दी नाही, गोचीड नाही, डास नाहीत आणि उगमाचं वाहतं पाणी बर्फाच्या मधून उघडं दिसतं. फक्त तयारी नीट हवी. जानेवारीत रात्री उणे 20 सेल्सिअस नेहमीचंच, उणे 30 झालं तरी नवल नाही. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, म्हणून चालायला दहाला निघा आणि अडीचला परत फिरा.

कपडे तीन थरांत. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन, जीन्स, सुती मोजे घरीच ठेवा. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तेच ओलं कापड अंगातली ऊब काढून घेतं. सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे. वाहनतळावरच ऊब वाटत असेल तर एक थर काढा, नाहीतर वीस मिनिटांत घामाने भिजाल. बोटं वेगवेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा मिटन्स, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे, जास्त गरम. बूट अर्धा नंबर मोठे घ्या. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकणाची बाजू मोकळी राहते. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी अर्ध्या तासात मान टाकते.

पहिल्या दिवशी स्नोशू घ्या, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी. पार्कच्या ऑफिसात भाड्याने मिळतात, शिकावं असं काही लागत नाही. पाय थोडे फाकवून टाका आणि मागे मागे चालू नका, स्नोशूचं मागचं टोक बर्फात रुतून पडाल. स्कीसाठी तयार केलेल्या वाटांवर मात्र स्नोशूने किंवा बुटाने पाऊल टाकू नका. यंत्राने पाडलेल्या दोन समांतर खाचांतून स्की घसरतात. त्यात पडलेला बुटाचा एक खड्डा रात्रीत गोठतो आणि सकाळी कुणाचा तरी घोटा मुरगळतो.

क्रॉस-कंट्री स्की करायची तर सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाकडे राज्याचा स्की पास लागतो, गाडीच्या परवान्याशिवाय वेगळा. पहिल्यांदा ‘क्लासिक’ प्रकारच्या, मेण लावावं न लागणाऱ्या स्की मागा. त्यांच्या तळाला मधोमध खवल्यासारखी नक्षी असते, ती मागे घसरू देत नाही. पहिला अर्धा तास काठ्यांशिवाय सपाटीवर चाला, म्हणजे वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकायला शिकाल. चढावर टोकं बाहेर फाकवून चढा, उतारावर टोकं जवळ आणून टाचा फाकवा आणि गुडघे वाकवा. तोल गेलाच तर कडेला बसत पडा, पुढे झेप घेऊन नको. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या करा, मग गुडघ्यावर या. उताराच्या दिशेने ठेवून उठलात तर त्या पुन्हा निघतील.

गोठलेल्या तळ्यावर जायचं असेल तर नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी माणसाला किमान चार इंच हवी. पांढरा, दुधी बर्फ निम्म्या ताकदीचा असतो. जिथे पाणी वाहतं तिथे बर्फ पातळ राहतो, म्हणजे उगमाजवळच्या काठाला आणि तळ्यात ओढे येतात तिथे फिरकूच नका. भर जानेवारीतही तिथली जागा धोक्याची असते.

गाडीत टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. फावडं, घोंगडी, वाळूची पिशवी, जम्पर केबल, थर्मासमध्ये चहा आणि काच धुवायला उणे 20 फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं वॉशर फ्लुइड हवं. बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका. सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, मग तासातून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा.

वसंत: एप्रिल आणि मे

तळ्यावरचा बर्फ साधारण एप्रिल अखेरीला फुटतो. त्याआधीचे तीन-चार आठवडे स्कीला बर्फ नाही आणि चालायला चिखल, तेव्हा एप्रिलची सहल टाळलेलीच बरी. बर्फ फुटला की एक-दोन दिवसांत लून पक्षी परत येतात आणि रात्री त्यांची साद तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात झाडांना पालवी फुटायच्या आत हेपॅटिकाची जांभळी-पांढरी फुलं पाचोळ्यातून डोकं काढतात. पालवी नसल्याने पक्षी बघायलाही हेच दिवस उत्तम. मेच्या मध्यात वॉलाय माशांचा हंगाम उघडतो तो शनिवार-रविवार मात्र गजबजलेला असतो.

या दिवसांत लहान पाइनच्या शेंड्यावर स्टेपल केलेले पांढरे कागदाचे तुकडे दिसतील. कचरा समजून काढू नका. हरणं कोवळा शेंडा खाऊन टाकतात म्हणून स्वयंसेवक शरदात ते लावतात.

कुठल्याही मोसमात निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पार्कच्या वेबसाइटवर त्या दिवसाच्या सूचना वाचा. वादळात पडलेली झाडं, आगीवरची बंदी, बंद मनोरा, स्कीवाटांची अवस्था, सगळं तिथे मिळतं. शंका उरली तर ऑफिसात फोन करा.